मदत हवी आहे: ४० शिक्षक, दोन दिवस आणि कपाटभर साधनं

फिरतीवरची:
नमस्कार मंडळी. मी एका तालुक्याच्या गट साधन केंद्रात विशेष शिक्षिका आहे. पुढच्या महिन्यात माझ्या गळ्यात एक प्रशिक्षण पडलंय. तालुक्यातल्या ४० शिक्षकांना दिव्यांग मुलांची साधनं वापरायला शिकवायची आहेत. दोन दिवस, साडेदहा ते पाच. विषयपत्रिका वरून आलीय: पहिला दिवस 'साधनांची ओळख', दुसरा दिवस 'साधनांची हाताळणी'. संपलं.

अशीच एक कार्यशाळा गेल्या वर्षी झाली होती. बाहेरून आलेल्या तज्ज्ञांनी दिवसभर स्लाइड दाखवल्या आणि शेवटच्या तासाला टॅब वाटले. एका गुरुजींकडून आवाजाची दोन्ही बटणं एकदम दाबली गेली आणि टॉकबॅक (अंध माणसासाठी स्क्रीनवरचं बोलून दाखवणारी टॅबमधलीच सोय) सुरू झालं. झालं, तो टॅब कुणाला बधेना. बोट लावलं की बोलायचा, पण उघडायचा काही नाही. 'हँग झालाय' म्हणून तो कपाटात ठेवला, तर तिथूनही मधूनच काहीतरी पुटपुटत होता. खूप हसलो आम्ही. घरी जाताना एसटीत लक्षात आलं की दिवसभराचं प्रशिक्षण टॉकबॅकचंच होतं आणि ते बंद कसं करायचं हे हॉलमधल्या एकालाही आलं नाही. मलासुद्धा.

त्या कपाटात आज १२ टॅब आहेत, ब्रेल पाट्या, गणिताच्या टेलर फ्रेम, भिंगं आणि श्रवणयंत्रांचे सेल. माझ्या डोळ्यांसमोर मात्र तीन मुलं आहेत. एक मुलगी, अंधुक दिसतं, फळा अजिबात वाचता येत नाही. एका मुलाचं श्रवणयंत्र कायम दप्तरात. आणि एक मुलगा सेरेब्रल पाल्सीचा (मेंदूतल्या इजेमुळे स्नायूंवर ताबा कमी), सगळं समजतं, पण बोलणं घरच्यांनाच कळतं. या तिघांच्याही वर्गशिक्षकांनी गेल्या वर्षीचं प्रमाणपत्र घेतलेलं आहे.

तर विचारायचं असं की दोन दिवसांत काय ठेवू आणि काय सरळ गाळून टाकू? मराठीसाठी टॅब आणि कॉम्प्युटरवर आधी काय करून ठेवायला लागतं? आणि महिन्याभरानं कुणी काही वापरतंय का, हे कसं बघायचं? पीपीटी पाठवू नका प्लीज. पीपीटी माझ्याकडे पाच आहेत.

बिनचष्म्याचा:
ताई, मी पूर्ण अंध आहे. बँकेत नोकरी करतो आणि रविवारी कॉम्प्युटर शिकवतो. तुमचा टॅबचा किस्सा बायकोला वाचून दाखवला.

पहिल्या अर्ध्या तासात टॉकबॅक बंद करायला शिकवा. आवाजाची दोन्ही बटणं तीनेक सेकंद दाबून धरायची की ते सुरू होतं, तसंच पुन्हा केलं की बंद. दहा वेळा चालू-बंद करू द्या. भीती तिथेच निम्मी जाते. मग तीनच गोष्टी: उजवीकडे सरकवलं की पुढचं, डावीकडे सरकवलं की मागचं, दोनदा टॅप केलं की उघडतं. एवढ्यावर एक काम द्या: शेजारच्याला व्हॉट्सॲपवर आवाजी निरोप पाठवा. काहीजण तासभर घेतील, घेऊ द्या. मेन्यूतल्या बाकीच्या ३० गोष्टी त्या दिवशी उघडूच नका.

तयारीत सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मराठी आवाज. गूगलचा मराठी आवाज प्रत्येक टॅबवर आदल्या दिवशी उतरवून ठेवा, नंतर तो नेटशिवाय चालतो. हॉलच्या वायफायवर १२ टॅब एकदम लावलेत तर जेवणापर्यंत गोल चक्रच फिरत राहील. आणि इअरफोन आणा! एका खोलीत १२ टॉकबॅक म्हणजे मासळीबाजार.

कॉम्प्युटरवर एनव्हीडीए टाका, म्हणजे स्क्रीनवरचं वाचून दाखवणारा प्रोग्रॅम, स्क्रीन रीडर. फुकट आहे. ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध तरुणांनी २००६ पासून ते उभं केलंय, आज जगभर चालतं. त्यातल्या ईस्पीक या बोलणाऱ्या प्रणालीचा मराठी आवाज नाक दाबून बोलल्यासारखा वाटतो, शिक्षक तोंड वाकडं करतील. करू द्या. वेग वाढवला तरी तो स्पष्ट राहतो आणि आम्हाला वेगच लागतो. कंट्रोलचं बटण दाबलं की तो गप्प बसतो, हे मात्र पहिल्याच मिनिटाला सांगा.

आता माझं मुख्य दुखणं. शाळेत प्रश्नपत्रिका अजून कृतिदेव नाहीतर श्रीलिपी या जुन्या फॉन्टांत टाइप होतात. कृतिदेवात तुम्हाला 'प्रश्न' दिसतो, पण फाइलच्या पोटात असतं आय, झेड, अपॉस्ट्रॉफी, यू. माझा स्क्रीन रीडर बिचारा तेच वाचतो. म्हणजे लाखाचं साधन घेतलं तरी त्या मुलाला प्रश्न पहिला कळणार नाही. शिक्षकांना दुसरं काही आलं नाही तरी चालेल, युनिकोडमध्ये (तिथे फाइलच्या पोटातही मराठी अक्षरच असतं) टाइप करायला शिकवा आणि शीर्षकाला नुसतं ठळक न करता वर्डमधली 'हेडिंग' शैली द्यायला लावा. मग एनव्हीडीएच्या वाचायच्या (ब्राउझ) मोडमध्ये एच दाबलं की मूल थेट पुढच्या धड्यावर जातं. खर्च शून्य रुपये.

गुर्जी:
निवृत्त केंद्रप्रमुख बोलतोय. आमच्या काळी डोळ्याला पट्टी बांधून शिक्षकांना आवारात चालायला लावायचो. त्याशिवाय कळणार कसं? दोन बाया रडल्या होत्या.

बिनचष्म्याचा:
गुर्जी, रडल्या हीच अडचण. पट्टी बांधून दहा मिनिटं धडपडलेल्या माणसाला वाटतं, अंध असणं म्हणजे आयुष्यभर हेच. अमेरिकेत यावर प्रयोग झालेत. अशा नकली अंधारानंतर लोक अंध व्यक्तींची कुवत आधीपेक्षा कमी धरतात असं त्यात दिसलं. मी रोज लोकलनं जातो, मला काठी वापरायला शिकवलंय. पट्टीवाल्याला कुणी काहीच शिकवलेलं नसतं.

तुम्हाला अंधारच हवा असेल तर टॉकबॅकमध्ये स्क्रीन लपवायची सोय आहे, एनव्हीडीएतही पडदा टाकता येतो. माणूस डोळे उघडे ठेवून बसतो आणि फक्त स्क्रीन काळी होते. मग त्याला कानानं काम करावंच लागतं, रडायला फुरसत मिळत नाही.

गुर्जी:
पटलं म्हणत नाही. पण काळी स्क्रीन करून बघेन.

कानगोष्टी:
मी ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे श्रवणतज्ज्ञ आहे. दप्तरातल्या श्रवणयंत्राबद्दल लिहिते, कारण प्रशिक्षणात सगळे टॅबकडे धावतात.

यंत्र दप्तरात असतं त्याची कारणं बहुतेक वेळा अगदी साधी असतात. सेल संपलेला असतो. नाहीतर कानातला साचा लहान झालेला असतो. मूल वाढतं तसा कान वाढतो, साचा बदलावा लागतो, पण यंत्र देताना हे कुणी सांगत नाही. सैल साच्यातून शिट्टी येते, वर्ग हसतो, आणि दुसऱ्या दिवसापासून यंत्र दप्तरात. आणखी एक, ताई, तुमच्या कपाटातले सेल बघा. झिंक-एअर सेलवर रंगीत चिकटपट्टी असते. ती काढली की हवा लागते आणि सेल खर्ची पडायला सुरुवात होते. परत चिकटवून काही उपयोग नाही. कुणीतरी 'तपासायला' सगळ्या पट्ट्या काढून ठेवल्या असतील तर ते सेल गेलेच म्हणून समजा.

शिक्षकाला शिकवायचं ते दोन मिनिटांचं काम आहे. रोज परिपाठानंतर मुलाच्या मागे उभं राहून किंवा तोंडापुढे विरळ विणीचं कापड धरून सहा आवाज काढायचे: आ, ऊ, ई, श, स, म. मुलानं ऐकलं की हात वर करायचा किंवा तोच आवाज परत काढायचा. डॅनियल लिंग यांच्या नावावरून याला 'लिंगचे सहा आवाज' म्हणतात. बोलण्यातले खालपासून वरपर्यंतचे सूर त्यात येतात. काल 'स' ऐकू येत होता आणि आज येत नाही, तर यंत्र किंवा कान बघायला पाठवा. तोंड झाकताना हात किंवा कागद नका लावू, आवाज बदलतो. विरळ विणीचं कापडच बरं. हे ४० जणांकडून जोडीनं करून घेतलंत तर अर्ध्या तासात होतं.

चित्रवाणी:
वाचत होते, आता राहवेना. सेरेब्रल पाल्सीच्या मुलासाठी जेलो बघा. आयआयटी मुंबईत तयार झालेलं चित्रांचं ॲप आहे, मराठीत बोलतं, पैसे पडत नाहीत. पण ॲप टाकून टॅब मुलासमोर ठेवला आणि 'सफरचंद दाखव बाळा' सुरू केलं की मेलं. ती परीक्षा झाली. सफरचंद समोर असताना मुलानं ते नाव सांगावंच का?

शिक्षकानं स्वतः बोलताना चित्रांवर बोट ठेवायचं. 'अजून हवं?' म्हणताना 'अजून'वर बोट. आठवडे लागतात, तोवर मुलाकडून काही मागायचं नाही. आणि पहिले शब्द 'नको', 'थांब', 'अजून', 'मी', 'झालं' असे द्या. 'नको' म्हणता आलं की कितीतरी चिडचिड कमी होते (वर्गशिक्षकांना आधी ते आवडत नाही, हेही सांगून ठेवते). त्याच चित्रांचा एक कागद लॅमिनेट करून बाकाला चिकटवा. लाइट गेली म्हणून मुलाची वाचा जायला नको.

चाकावर:
व्हीलचेअरबद्दल दोनच ओळी. शिबिरात मिळालेली खुर्ची बऱ्याचदा एकाच मापाची असते. मुलाला बसवून गुडघ्यामागे आणि सीटच्या कडेत दोन बोटं जातात का बघा, पाय पायटीवर टेकतात का बघा, खाली उशी आहे का बघा. नसेल तर फिजिओथेरपिस्टकडे पाठवा, स्वतः फोम कापत बसू नका.

बाकी, १९९३ मध्ये अमेरिकेत साधनं वापरणाऱ्या २२७ प्रौढांची पाहणी प्रसिद्ध झाली होती. त्यात २९.३ टक्के साधनं पूर्ण सोडून दिलेली निघाली. त्याच्याशी चार गोष्टी जोडलेल्या दिसल्या: वापरणाऱ्याचं मत न विचारणं, साधन फार सहज हाती येणं, साधन नीट न चालणं आणि माणसाची गरज बदलणं. दुसरं कारण वाचून मी शिबिरातल्या रांगा आठवत बसलो. पहिल्यासाठी ताई, तुम्ही त्या तीन मुलांना काही विचारलंय का?

फिरतीवरची:
चाकावर, नव्हतं विचारलं. काल विचारलं. फळा न दिसणारी मुलगी म्हणाली, भिंग नको, सगळे बघतात. बाईंनी फळ्याचा फोटो काढून दिला तर मी टॅबवर मोठा करून बघेन. एवढंच. मी तिच्यासाठी मोठ्या ठशाच्या पुस्तकांची मागणी लिहून ठेवली होती.

त्यामुळे विषयपत्रिका फिरवतेय. 'ओळख' आणि 'हाताळणी' ही नावं कागदावर तशीच ठेवते, वरिष्ठांना तेवढं पुरतं. आत मात्र प्रत्येक शिक्षकानं आपल्या वर्गातलं एक मूल आणि त्याला न जमणारं एक काम चिठ्ठीवर लिहून आणायचं. 'वाचन सुधारणे' चालणार नाही, 'फळ्यावरचा गृहपाठ उतरवून घेणे' असं हवं. चिठ्ठी आधी, साधन नंतर. सकाळी टॉकबॅक आणि सहा आवाज सगळ्यांना, दुपारी चिठ्ठ्यांप्रमाणे गट.

एक अडलंय. बिनचष्म्याचा यांच्यासारखं कुणी तालुक्यात आहे, अंध संगीतशिक्षक, एनव्हीडीए छान वापरतात. त्यांना मानधन देऊन बोलवायचं म्हटलं तर फॉर्मवर 'तज्ज्ञाची अर्हता' असा रकाना आहे आणि विशेष शिक्षणाची पदवी मागतात.

कानगोष्टी:
२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम १७ जोडा. शिक्षकांना प्रशिक्षण देऊन नेमताना दिव्यांग शिक्षकांचाही त्यात स्पष्ट उल्लेख आहे. कलम ४७ मध्ये शिक्षकांपासून अंगणवाडी सेविकांपर्यंतच्या शिक्षणक्रमात दिव्यांगत्वाचा विषय घालायला सांगितलंय. रकान्यात 'साधनाचा नियमित वापरकर्ता व प्रशिक्षक' असं लिहा आणि सोबत टिपण द्या. आमच्याकडे असं मंजूर झालंय. आणि मानधन द्याच. 'समाजसेवा म्हणून या' असं नका म्हणू.

बिनचष्म्याचा:
+१०० शेवटच्या वाक्याला.

फिरतीवरची:
उशिरा लिहितेय, माफी. प्रशिक्षण होऊन तीन आठवडे झाले. मानधन मंजूर झालं, मागितलं त्याच्या निम्मं. संगीतशिक्षक सरांनी पहिल्या दिवशी स्क्रीन काळी करून दोघांना निरोप पाठवायला लावला आणि बाकीच्यांनी पैजा लावल्या. ४० पैकी ३१ जणांनी चिठ्ठी आणली, त्यातल्या १२ चिठ्ठ्यांवर 'अभ्यासात मागे' असंच लिहिलेलं. त्या १२ जणांबरोबर अर्धी दुपार गेली. चित्रवाणीताई, जेलोचा गट घाईत उरकावा लागला, तो परत घ्यावा लागेल.

आतापर्यंत नऊ शाळांत जाऊन आले. सहा आवाज पाच ठिकाणी रोज चालू आहेत. दप्तरातलं श्रवणयंत्र कानात आलं, नव्या साच्यासाठी माप दिलंय. फळ्याचे फोटो सुरू आहेत. युनिकोड फक्त एका शाळेत, तेही तिथल्या शिक्षिकेचा मुलगा टाइप करून देतो म्हणून.

आणि दोन शाळांत टॅब मुख्याध्यापकांच्या कपाटात कुलूपबंद. 'हरवला तर भरून कोण देणार?' शिक्षक तयार आहेत, मूल तयार आहे. टॅब मुलाच्या घरी द्यायचा असेल तर पालकांकडून काय लिहून घेता, कुणाकडे नमुना आहे का?

गुर्जी:
आहे. एका पानाचा आहे: साधनाचा क्रमांक, कधी दिलं, कोणत्या कामासाठी दिलं, बिघडलं तर कुणाला फोन करायचा, पालकांची सही. 'नुकसान झाल्यास वसुली' ही ओळ मुद्दाम ठेवलेली नाही, ती असली की पालक साधन घरी नेतच नाहीत. निरोपात पाठवतो. त्यात चार्जरसाठी वेगळी ओळ घाला. टॅब परत येतात, चार्जर येत नाहीत.