मुलगा समुपदेशकांपुढे तोंडच उघडत नाही – मदत हवी आहे

पाऊलवाट: मुलगा नववीत आहे. दर मंगळवारी शाळेतल्या समुपदेशक बाईंकडे जातो. सहा वेळा गेला, सहाही वेळा गप्प बसून परत आला. बाई म्हणतात वेळ द्या. किती द्यायचा? मार्क चांगले आहेत म्हणून वर्गशिक्षकांना काळजी वाटत नाही. त्याला बोलतं कसं करू? लवकर सांगा, मंगळवार परवावर आलाय.

रानवारा: झालंय काय, तेच लिहिलं नाहीत. अभ्यासाचा ताण, की कुणी छळतंय?

पाऊलवाट: त्याचे आईवडील नाहीत. मी मावशी.

निळाई: दोघंही? कधी गेले? हे पहिल्या ओळीत हवं होतं, ताई.

पाऊलवाट: दोघंही, एकाच अपघातात. पुढच्या महिन्यात वर्ष होईल. शाळाही तेव्हाच बदलली.

जुनाखडू: मी २८ वर्षं शिकवलं. चित्रकला, खेळ, कशात तरी गुंतवा. बोलून जखम उकरण्यात अर्थ नाही.

घनगर्द: शोकाच्या पाच पायऱ्या असतात. हा अजून पहिल्या पायरीवर, नकारावर अडकलाय.

निळाई: कृपया त्याला पायऱ्यांवर बसवू नका. मानसोपचारतज्ज्ञ एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी त्या १९६९ मध्ये मांडल्या, त्याही मरणाला टेकलेल्या रुग्णांशी बोलून, मागे राहिलेल्यांवरून नव्हे. मी शाळेतच समुपदेशन करते. मला स्ट्रोब आणि शूट या शोकाच्या अभ्यासकांची १९९९ ची मांडणी जास्त पटते. माणूस दुःखात बुडतो, मग रोजच्या जगण्याकडे येतो, पुन्हा बुडतो. जुनाखडू सर, खेळ हवाच, पण दुःखाच्या जागी नको.

रानवारा: २०२२ पासून अमेरिकी मानसोपचाराच्या नियमावलीत लांबलेल्या शोकाचा आजार आहे ना? मुलांसाठी सहा महिन्यांची मर्यादा. इथे तर वर्ष होतंय.

निळाई: नुसती मुदत उलटली म्हणून आजार ठरत नाही. जवळजवळ रोज तीव्र ओढ किंवा गेलेल्यांचेच विचार, आणि त्यापायी फार त्रास किंवा जगणं अडलेलं, असं दोन्ही लागतं. ताई, झोप, जेवण, मित्र कसे आहेत? त्याला तासाला बोलावतात कसं?

हिशेबनीस: पालकत्वाची कागदपत्रं करून घेतलीत का? पुढे फार अडतं.

पाऊलवाट: कागद झालेत. जेवतो, झोपतो. मित्र नाहीत. शिपाई वर्गात येऊन मोठ्याने नाव पुकारतो.

रानवारा: इथेच अडलंय! पंधराव्या वर्षी माझे वडील गेले. मला असंच बोलवायचे, सगळा वर्ग वळून बघायचा. त्या खोलीत मी फक्त घंटेची वाट बघायचो. शेवटी बोललो ते भूगोलाच्या सरांशी, दोघं मिळून नकाशे गुंडाळताना. समोरासमोर जमलंच नसतं.

पाऊलवाट: एक राहिलं. वडिलांचं बंद घड्याळ तो दप्तरात ठेवतो. सेल टाकू का म्हटलं तर दप्तर उचलून आत गेला. काढून घेऊ का?

जुनाखडू: घ्या. डोळ्यांआड झालं की विसरेल.

निळाई: अजिबात नको. गेलेल्यांशी नातं ठेवूनही मुलं सावरतात. आणि एक मात्र सरळ विचारा: जगूच नये असं कधी मनात येतं का? विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. हो म्हणाला तर एकटं ठेवू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

पाऊलवाट: विचारलं. नाही म्हणाला, माझ्याकडे बघून. बाई आता शाळा सुटल्यावर भेटणार आहेत, कुणी नाव पुकारणार नाही. काल भांडी पुसताना मीच ताईचा, म्हणजे त्याच्या आईचा, विषय काढला, ती वर्गात हसायची आणि बाहेर उभी राहायची तो. तो म्हणाला, "तेव्हापण इतक्या जोरात हसायची?" पुढे मला बोलवेना.

निळाई: त्याला उत्तर दिलंत का?

पाऊलवाट: दिलं. हो म्हटलं, तेव्हापण.