घरातली जुनी फरशी काढून नवी टाकली तेव्हा : खर्च, धूळ आणि तुमचे अनुभव

बोरीकाठची (अमळनेर)

शेजारी कालपासून ब्रेकर चालू आहे. भिंतीला भिंत लागून, त्यामुळे आमच्या मांडणीवरचे डबे थरथरताहेत. आई त्या आवाजाने उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसली आणि म्हणाली, "आपलं उखळ निघालं तो दिवस आठवला." म्हणून हा धागा.

आमचं काम २०१९ चं. घरात आजोबांनी टाकलेली शहाबादी होती, जागोजाग पोपडे निघालेली, सांध्यांतून मुंग्या. ६२० चौरस फूट. दुकानात २ बाय २ च्या व्हिट्रिफाइड टाईल्स ४८ रुपये फुटाने ठरवल्या. तुटफूट धरून ४२ बॉक्स, म्हणजे ३२ हजार. आम्हाला वाटलं मजुरी धरून पन्नासात होईल. प्रत्यक्षात ८६ हजार लागले. जुनी फरशी फोडणं, मलब्याच्या ४ ट्रॉल्या, वाळू, १८ गोण्या सिमेंट, स्कर्टिंग (भिंतीच्या पायथ्याची टाईलची पट्टी), दरवाजे खालून कापणं, खराब झालेल्या भिंतींना परत रंग. टाईल्सच्या भावात यातलं काहीच दिसत नाही.

आखाजी (अक्षय्य तृतीया) झाल्यावर काम काढलं. बारा दिवस सांगितले होते, सत्तावीस लागले. स्वयंपाक अंगणात.

पाचव्या दिवशी स्वयंपाकघरातली शहाबादी उचलली तर खाली मातीत पुरलेलं दगडी उखळ. घर सारवणाचं होतं तेव्हाचं. आजोबांनी ते न काढता वरून फरशी टाकलेली. मिस्तरी छन्नी लावणार तेवढ्यात आई आडवी आली. "नको फोडू भो, मनी सासूना हात लागेल शेतस त्याले." मग तिघांनी पहारीने उचललं. आता तुळशीपाशी आहे, चिमण्या पाणी पितात त्यात.

तुमचंही लिहा. किती लागले, किती दिवस, आणि निघालेल्या फरशीचं काय केलं.

पांझराकाठ (धुळे)

एप्रिलमध्ये काम काढू नका एवढंच सांगतो. गच्चीवर बिबडे वाळत होते, दोन दिवसांचं काम. खाली ग्राइंडर सुरू झालं आणि ती पांढरी भुकटी जिन्यातून वर. सगळे फेकावे लागले. बायको रडली नाही पण बोललीही नाही दोन दिवस.

कटिंग घराबाहेर, पाणी मारून करायला लावा. मिस्तरी ऐकतात, फक्त पहिल्या दिवशी सांगायचं.

केळीबाग (रावेर)

उखळाचं वाचून गलबलून आलं ताई.

ओळंबा (जळगाव)

सिव्हिलचं काम करतो म्हणून थोडं सविस्तर.

आपल्याकडे तापी-गिरणेच्या पट्ट्यात बहुतेक घरं काळ्या मातीवर. ही माती पावसात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसते, भेगा पडतात. वर कितीही भारी टाईल लावा, खालचा भराव काळ्या मातीचा असेल तर दोन पावसाळ्यांत मधोमध खड्डा पडणार. जुनी फरशी खचलेली असेल तर तीच खूण समजा. निदान दीड-दोन फूट माती काढायची, मुरूम थराथराने भरायचा, प्रत्येक थराला पाणी मारून धुम्मस करायची (ठोकून घट्ट बसवायचा), वर काँक्रीटचा थर, मग टाईल. खर्च वाढतो, पण इथे वाचवलेले पैसे पुढे दुप्पट जातात.

दुसरं. व्हिट्रिफाइड टाईल पाणी जवळजवळ पीत नाही. नुसत्या सिमेंट-वाळूच्या कोरड्या मालावर ठेवून वरून हातोडी मारली तर ती धरत नाही. पाठीमागे सिमेंटचं घट्ट रबडं पूर्ण फासायला लावा, चार कोपऱ्यांना चार गोळे नाही. नाहीतर टाईल ॲडहेसिव्ह घ्या. काम झाल्यावर नाण्याने प्रत्येक टाईल वाजवून बघा. पोकळ वाजली की तिथेच काढून परत लावून घ्यायची, पैसे चुकते करायच्या आधी.

रेल्वेवाला (भुसावळ)

ओळंबा भाऊ, हेच झालं. मे महिना, बाहेर ४५ डिग्री, दुपारी तीनला हॉलमध्ये धाड्कन आवाज. सिलिंडर फुटला वाटून सगळे रस्त्यावर. येऊन बघतो तर मधल्या दोन ओळी तंबूसारख्या वर उचललेल्या. मिस्तरीने टाईलला टाईल भिडवून लावलेली, सांधा दिसू नये म्हणून. मीच तसं सांगितलं होतं, सुंदर दिसतं म्हणून.

ओळंबा (जळगाव)

उन्हाने टाईल पसरते, तिला जागा लागते. २-३ मिलिमीटरचे स्पेसर टाकून सांधे ठेवायचे आणि भिंतीच्या कडेला चारी बाजूंनी बोटभर फट. ती फट स्कर्टिंगखाली झाकली जाते, दिसत नाही. आता त्या दोन ओळीच बदला, सगळी खोली काढू नका. पण आजूबाजूच्या वाजवून बघा.

रेल्वेवाला (भुसावळ)

त्या शेडच्या टाईल्स आता मिळत नाहीत. तीन दुकानं फिरलो.

सातपुड्याची (शहादा)

म्हणूनच दोन बॉक्स जास्तीचे घेऊन पलंगाखाली ठेवायचे. आणि बॉक्सवरचा बॅच नंबर सगळ्यांचा एकच आहे ना ते गाडीतून उतरवतानाच बघायचं. आमच्या बैठकीत अर्धी खोली थोडी पिवळसर आहे, ट्यूबलाइट लावली की दिसते. पाहुण्यांना नाही दिसत, मला रोज दिसते.

टाईल्सचा माल गुजरातमधल्या मोरबीचाच असतो बहुतेक. आमच्या गल्लीत तिघांनी एकत्र मागवला, सुरत हायवेने गाडी आली. फुटामागे ७ रुपये वाचले. पण उतरवायला हमाल आपले, आणि फुटलेले बॉक्स परत घ्यायला कोणी येत नाही.

पारोळ्याचा पोऱ्या

शहाबादी निघालेली कोणाकडे आहे का? गोठ्यात टाकायची आहे. २ बाय २ च्या चाळीसेक लागतील.

जिजी (चोपडा)

मी वेगळं लिहिते. आमच्याकडे २०२२ मध्ये मुलाने हौसेने चकचकीत टाईल्स बसवल्या. आरशासारख्या. सगळे बघायला आले. तिसऱ्या आठवड्यात यांचा पाय घसरला, सकाळी, मोरीतून ओल्या पायाने आले तेव्हा. खुब्याचं हाड. ऑपरेशनला फरशीपेक्षा जास्त लागले, पण पैशांचं नाही काही. माणूस चालता होता तो काठीवर आला. मुलगा अजून स्वतःला दोष देतो. मी त्याला सांगते, तुला काय माहीत रे बाबा.

घरात म्हातारं माणूस असेल तर खरखरीत टाईल घ्या. पुसायला जरा त्रास होतो. होऊ द्या.

केळीबाग (रावेर)

जिजी, आबा आता कसे आहेत?

जिजी (चोपडा)

बरे आहेत बाळा. अंगणात फेऱ्या मारतात. घरात मात्र भिंत धरून.

बोरीकाठची (अमळनेर)

जिजी, आईला वाचून दाखवलं. तिने लगेच विचारलं आपली कोणती आहे. आमची मॅट आहे, न्हाणीपासून स्वयंपाकघरापर्यंत तर नक्की. मुलाला म्हणावं मोरीच्या बाहेर चार-पाच फूट तरी खरखरीत पट्टा बसवून घे, पूर्ण काढायची गरज नाही.

दीडसूत (चाळीसगाव)

न्हाणीचा विषय निघालाच आहे म्हणून. ढाळ! फुटाला दीड सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) तरी पाहिजे जाळीकडे. आमच्याकडे मिस्तरी "दिला आहे, दिला आहे" म्हणत गेला. टाईल बसली, बादली ओतली, पाणी दाराकडे चाललं. परत फोडलं. वॉटरप्रूफिंगचा थर आधीचा होता तोही फाटला आणि खालच्या खोलीत ओल आली. १४ हजारांचं काम ३१ वर गेलं. टाईल पक्की व्हायच्या आत पाणी ओतून बघा.

पॉलिशवाली (एरंडोल)

आम्ही काढलीच नाही. सासऱ्यांच्या हातची मोझॅक होती, हिरव्या-पिवळ्या खड्यांची. नवऱ्याला व्हिट्रिफाइड हवी होती. मी म्हटलं आधी एक खोली घासून बघू. मशीनवाला आला, तीन हात घासलं, शेवटी पॉलिश. चिखल इतका की विचारू नका. पण धुतल्यावर त्या खड्यांतले रंग असे वर आले की नवराच म्हणाला राहू दे. फुटाला २२ रुपये, चार दिवस. आणि उन्हाळ्यात दुपारी तिच्यावर नुसतं आडवं व्हायचं, चटई नको.

पांझराकाठ (धुळे)

जुन्यावरच नवी बसवली का कोणी, ॲडहेसिव्हने? भावाला तेच सुचवलंय मिस्तरीने, फोडायचा खर्च नको म्हणून.

सातपुड्याची (शहादा)

बहिणीने केलं. जमिनीची उंची अर्धा-पाऊण इंच वाढते. सगळे दरवाजे कापले, लोखंडी दार तर वेल्डरकडून. बाल्कनीचं पाणी आत येऊ लागलं कारण उंबरा बुटका झाला. जुनी फरशी एकही पोकळ नसेल तरच करा.

भरीतभाकर (यावल)

स्वयंपाक अंगणात म्हणजे आमची मजाच झाली होती. कपाशीच्या काट्यांवर (वाळक्या काड्यांवर) वांगी भाजायची, रोज भरीत आणि कळण्याची भाकरी. मिस्तरी डबा आणायचे बंदच झाले. आई त्यांनाही वाढायची. अकरा दिवस अकरा माणसं.

केळीबाग (रावेर)

भरीत बामणोदच्या वांग्यांचं का?

भरीतभाकर (यावल)

दुसरं कोणतं! पांढरट हिरवी, मोठी. पण उन्हाळ्यात ती चव नाही, हिवाळ्यातली वेगळीच. आम्ही काम डिसेंबरात काढलं होतं. खर्चाचं लिहायचं राहिलं, ५४० फूट, सगळं मिळून ७८ हजार.

केळीबाग (रावेर)

कळण्यात उडीद किती घालतात तुमच्याकडे? आमच्याकडे चार पायली ज्वारीला एक.

भरीतभाकर (यावल)

तेवढाच. आणि मूठभर जाडं मीठ दळतानाच.

बोरीकाठची (अमळनेर)

आमच्या मिस्तरींनाही आई रोज चहा न्यायची आणि तेवढ्यात उखळाकडे बघून यायची, दोरीने बांधून ठेवलं होतं भिंतीला, कोणाचा धक्का लागू नये म्हणून. यंदा कानबाईच्या (आमच्या खानदेशातली देवी) रोटांचे गहू दळून आणले तेव्हा पहिली मूठ तिने त्याच उखळात ठेवली. मी विचारलं नाही का ते.

पारोळ्याच्या भाऊ, शेजाऱ्यांना विचारलं. त्यांच्या शहाबाद्या तीसएक अख्ख्या निघाल्यात, बाकी तुकडे. नुसतं घेऊन जा म्हणाले, मलब्याची एक ट्रॉली वाचेल त्यांची.

पारोळ्याचा पोऱ्या

ताई लई उपकार. मंगळवारी ट्रॅक्टर घेऊन येतो. तुकडेपण चालतील, गव्हाणीखाली टाकू.

बोरीकाठची (अमळनेर)

सकाळी लवकर या. दहानंतर गल्लीत वाळूची गाडी उभी असते, ट्रॅक्टर वळत नाही.