अनुभवातून शिकलेल्या वायरमनने कोणते प्रमाणपत्र मिळवावे?

सांगलीकर (प्रश्न)

नमस्कार. माझा धाकटा भाऊ नववीनंतर शाळा सोडून एका वीज ठेकेदाराच्या हाताखाली लागला आणि तेव्हापासून घरांच्या व गाळ्यांच्या वायरिंगची कामे करत आहे. नकाशावरून पॉइंट काढणे, भिंतीला झिरी मारून पाइप टाकणे, डीबी (वीज वाटपाची पेटी) भरणे, अर्थिंगचा खड्डा घेणे ही सर्व कामे तो स्वतः करतो आणि नव्या पोरांना शिकवतोही. कागदावर मात्र त्याच्याकडे काहीच नाही, त्यामुळे कारखान्याच्या देखभाल विभागात जागा निघाली तरी त्याचा अर्ज पहिल्याच चाळणीत बाद होतो. अनुभवी कारागिरांसाठी ‘आरपीएल’ नावाचे प्रमाणपत्र असते असे कळले. ते घेतल्यावर त्याला स्वतःच्या नावावर कामे घेता येतील का, की आयटीआयच करावे लागेल? घर त्याच्या कमाईवर चालत असल्याने दोन वर्षे वर्गात बसणे त्याला शक्य नाही.

मूल्यमापक_पुणे

आरपीएल म्हणजे आधीच अंगी असलेल्या कौशल्याला दिलेली मान्यता. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना 2015 मध्ये सुरू झाली आणि तिच्यातून हा प्रकार सर्वदूर पोहोचला. यात लांबलचक प्रशिक्षण नसते. थोड्या तासांचे उद्बोधन होते, त्यानंतर बाहेरचा मूल्यमापक लेखी किंवा तोंडी प्रश्न विचारून प्रत्यक्ष काम करून घेतो, आणि उत्तीर्ण झाल्यास 2013 च्या राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखड्यातील ठरावीक स्तराचे प्रमाणपत्र मिळते.

आपल्या भावासारखे उमेदवार हाताच्या कामात क्वचितच अडतात, ते अडतात कारण सांगताना. मेगर (इन्सुलेशन तपासण्याचे उपकरण) लावून वायरिंग तपासणारा माणूस ‘काटा वर गेला म्हणजे ठीक’ एवढेच सांगतो. आपण इन्सुलेशनचा रोध मोजतो, तो किमान एक मेगओहम हवा आणि त्याआधी मुख्य पुरवठा बंद करून उपकरणे सोडवलेली असावीत, हे त्याला शब्दांत मांडता येत नाही. आठवडाभर कोणी त्याच्याकडून हे बोलून घेतले, तर परीक्षा जड जाणार नाही. जवळचे केंद्र स्किल इंडिया डिजिटल हब या सरकारी संकेतस्थळावर शोधता येईल. काही शिबिरांत मूल्यमापन घाईघाईने उरकले जाते, हेही खरे. तसे केंद्र टाळावे.

परवानाधारक_ठेकेदार

वरील माहिती बरोबर आहे, परंतु मूळ प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे आणि ते स्पष्ट सांगायला हवे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांनुसार दिवे, पंखे, फ्यूज, स्विच यांसारख्या वस्तू बदलण्यापलीकडचे वायरिंगचे काम परवानाधारक ठेकेदारामार्फत आणि पात्र व्यक्तीच्या देखरेखीखालीच व्हावे लागते. आरपीएलचे प्रमाणपत्र भिंतीवर लावले म्हणून नव्या जोडणीच्या टेस्ट रिपोर्टवर सही करण्याचा अधिकार मिळत नाही. त्यासाठी शासनाकडून मिळणारा परवाना निराळा असतो आणि त्याच्या शिक्षणाच्या व अनुभवाच्या अटीही निराळ्या असतात. दुर्दैवाने शिबिर भरवणारे काही लोक हा फरक सांगत नाहीत आणि पोरे प्रमाणपत्र घेऊन थेट ग्राहकाकडे जातात. अपघात झाला की पहिला प्रश्न परवान्याचाच निघतो.

सांगलीकर

म्हणजे आरपीएल घेऊन काहीच उपयोग नाही का?

आयटीआय_निदेशक

उपयोग आहे, पण तो खासगी नोकरीपुरता आणि मोठ्या बांधकाम कंपन्यांच्या साइटवर कुशल कामगार म्हणून नोंद होण्यापुरता धरावा. पुढे जायचे असेल, तर आपल्या भावासाठी एक वाट आहे जिची फारशी चर्चा होत नाही. अनुभवी कामगाराला वर्गात नियमित प्रवेश न घेता, खासगी उमेदवार म्हणून अखिल भारतीय व्यवसाय परीक्षेला बसण्याची तरतूद आहे. तीत उत्तीर्ण झाल्यास आयटीआयच्या विद्यार्थ्याला मिळते तेच राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र मिळते. वीजतंत्री (इलेक्ट्रिशियन) हा व्यवसाय दहावी उत्तीर्णांसाठी आहे, तारतंत्री (वायरमन) मात्र आठवी उत्तीर्णालाही खुला आहे. आपले बंधू नववीपर्यंत शिकलेले असल्याने त्यांनी तारतंत्रीच्या परीक्षेची चौकशी करावी. चालू वर्षाचे वेळापत्रक आणि अनुभवाची नेमकी अट जवळच्या शासकीय आयटीआयमध्ये समजेल.

सोबत 17 नंबरचा फॉर्म भरून दहावीही बाहेरून देऊन टाकावी. महावितरणच्या विद्युत सहाय्यक पदासाठी तारतंत्री किंवा वीजतंत्री प्रमाणपत्राबरोबर दहावीही लागते, आणि तेव्हा ती नसल्याची हळहळ करणारे बरेच जण मी पाहिले आहेत.

खरी अडचण अनुभवाच्या पुराव्याची येईल. रोजंदारीवर काम केलेल्यांकडे पगारपत्रक नसते, भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक नसतो. म्हणून ज्यांच्या हाताखाली काम केले त्या प्रत्येक ठेकेदाराकडून त्याच्या लेटरहेडवर, परवाना क्रमांकासह, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत काय काम केले असे पत्र घ्यावे. ‘चांगला मुलगा आहे’ अशा प्रशस्तीचा तिथे काही उपयोग नाही. रोख मजुरी बँकेत भरली जात असेल, तर पासबुकातील नोंदीही जपाव्यात.

परवानाधारक_ठेकेदार

त्या पत्राला उशीर करू नका. आमच्या धंद्यात जुने ठेकेदार काम बंद करतात, परवान्याचे नूतनीकरण करत नाहीत, आणि मग सही कोणाची घ्यायची हा प्रश्न उभा राहतो.