नीत्शे हे आडनाव जर्मन की स्लाव्ह?

मोडीवाचक: जर्मन तत्त्वज्ञ नीत्शेवरच्या मजकुराच्या अनुवादात 'पोलिश वंशाचा नीत्शे' असं आलंय. संपादक म्हणतात 'पोलिश' उडवा, मूळ लेखक म्हणतो आडनावच स्लाव्ह (पोलिश, चेक, रशियन यांच्या भाषाकुळातलं) आहे. कुणाचं धरावं?

जर्मनघोका: उडवा. आपण पोलिश उमरावांच्या रक्ताचे, असं नीत्शे स्वतःच लिहून गेला; वंशावळीत त्याला आधार मिळत नाही. जन्म १८४४ चा, ल्युट्झेनजवळच्या रोकेन गावचा, आणि पूर्वजही पूर्व जर्मनीतल्या सॅक्सनीकडचेच. आडनाव म्हणजे निकोलसचं लाडाचं रूप: नाव जर्मन, शेपूट स्लाव्ह वळणाचं. फ्रीडरिशचा 'फ्रिट्शे' तसाच. आपल्याकडे गणेशचा गण्या होतो. तिकडे त्या गण्याचं आडनाव झालं, एवढंच.

कोशकीटक: शेपूट स्लाव्ह, मग डोकं का नाही? रशियनमध्ये निकोलाय 'न'नेच सुरू होतं की!

जर्मनघोका: रशिया कुठे, सॅक्सनी कुठे! शेजार सोर्ब (पूर्व जर्मनीतले स्लाव्ह लोक), चेक आणि पोल लोकांचा. त्यांच्याकडे मिक्वाउश, मिकुलाश, मिकोवाय. तिघेही 'म'वाले. डोकं त्यांच्याकडचं असतं तर आडनावही 'म'ने सुरू झालं असतं.

तक्तेवाली: वंशाचं राहू द्या, वस्ती बघा. फक्त याच स्पेलिंगवर शोधलंत तर फार थोडी घरं दिसतील. नीचे, निट्शे, निचके ही भावंडं घेतलीत की सॅक्सनी, त्याला लागून लाउझित्स आणि आता बहुतेक पोलंडमध्ये असलेला सायलेशिया असा पट्टा उमटतो. पूर्वी चर्चच्या वहीत पाद्री कानाला येईल तसं लिहायचा, त्यामुळे बाप आणि मुलगा यांचं स्पेलिंगही वेगळं सापडतं. जन्म-मृत्यूची सरकारी नोंद प्रशियात १८७४ पासून आणि साऱ्या जर्मनीत १८७६ पासून सक्तीची झाली, मग स्पेलिंग गोठलं.

टेलिफोन डिरेक्टरीवरून नकाशा काढणार असाल तर नुसता आकडा घेऊ नका, बर्लिन कायम गडद दिसतं. दर दहा लाखांमागे किती, ते काढा. १९९० च्या आधीची डिरेक्टरी नकोच. पूर्व जर्मनीत घरोघरी फोन नव्हते, म्हणजे नेमका याच नावांचा मुलूख कोरा दिसणार. आणि बव्हेरियात ठिपके दिसले म्हणून तिथला उगम समजू नका. १९४५ नंतर सायलेशियातून हुसकावलेले जर्मन तिकडे वसले.

उकारवेलांटी: आडनावाचं कूळ काढताय, पण 'नीत्शे' हे लेखन तरी बरोबर आहे का? शेवटी 'ए' नाहीच, पुसट 'अ' आहे. आणि मधला उच्चार एकतर सरळ चहातला च, नाहीतर चाकातला च आणि त्याला जोडून श. मराठीला दोन्ही च ठाऊक आहेत, मग हे 'त्श' कशाला?

कोशकीटक: म्हणजे 'नीच'? छापून तर बघा.

जर्मनघोका: मराठीत 'नीत्शे' रुळलंय. रुळलेलं उपटू नये.

उकारवेलांटी: रुळलेलं तर त्या तत्त्वज्ञ-गणित्याचं 'लाइबनिझ'ही आहे. जर्मन झेड म्हणजे 'त्स', म्हणून 'लाइबनित्स'च हवं.

तक्तेवाली: ते 'इत्स' मात्र खरंखुरं स्लाव्ह शेपूट. सॅक्सनीतल्या खेम्नित्स शहराचं नाव 'दगड' या अर्थाच्या स्लाव्ह शब्दावरून आलंय, 'इत्स' तिथलंच. लाइबनित्स स्वतःही आपलं आडनाव स्लाव्ह मानायचा.

उकारवेलांटी: मग आधी 'खेम्नित्स' की 'केम्नित्स' ते ठरवा. तिथले लोक 'क' म्हणतात.