एकाच बागेत वर चुनखडी, खाली भारी काळी: जिप्सम टाकावं का?

कळमेश्वरची_बाग
नागपुरी संत्रा, जंबेरी खुंट (ज्या मुळाच्या रोपावर कलम बांधलं ते), आठवं वर्ष, अंतर 6 × 6 मीटर. खत-पाणी सगळीकडे सारखं. उताराच्या वरच्या निम्म्या भागात नवती (नवी पालवी) पिवळी येते, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात आणि फळ लहान. खालच्या काळ्या भागात झाडं डेरेदार, पण ताण (फुलोऱ्यासाठी पाणी तोडून झाड विश्रांतीला नेणं) बसत नाही. आंबिया बहाराची (जानेवारी-फेब्रुवारीच्या फुलांची) फळं ऑगस्टमध्ये गळतात, उरतात ती जाड सालीची आणि उशिरा रंगणारी. वरच्या भागाचा अहवाल: सामू 8.1, क्षारता 0.3, मुक्त चुना 14 टक्के. दुकानदार एकरी टनभर जिप्सम टाका म्हणतो. टाकावं का?

माती_पाणी
वर तर नकोच. जिप्सम चोपण जमिनीतला सोडियम हटवायला असतं, चुना कमी करायला नाही. ते स्वतःच कॅल्शियम सल्फेट आहे, आणि तुमच्या मातीत कॅल्शियमची कमी नाहीच.

आता कुणीतरी गंधक सुचवेल, म्हणून हिशेब आधीच मांडतो. एका एकरात 30 सेंमी थराची माती साधारण 1,600 टन. तिच्यात 14 टक्के म्हणजे 224 टन चुना. टनभर चुना विरघळवायला सुमारे 320 किलो गंधक लागतं, म्हणजे एकरी 70 टनांच्या वर! चुना तिथेच राहणार, त्याच्यासोबतच बाग करायची.

तुम्ही सांगता ती खूण लोहाच्या कमतरतेची. पानं लहान, अरुंद आणि शिरांमध्ये पिवळे चट्टे असतील तर जस्तही कमी आहे. जुनी पानं आधी पिवळी पडत असतील तर प्रश्न नत्राचा, तिथे लोह-जस्ताची फवारणी वाया जाईल. हिराकस (लोहाचं सल्फेट) जमिनीत टाकला तर अशा मातीत तो लवकरच निकामी होतो. नवतीची पानं दोन-तृतीयांश वाढली की 10 लिटर पाण्यात 50 ग्रॅम झिंक सल्फेट आणि 25 ग्रॅम विरी गेलेला चुना, अशी फवारणी घ्या. लोहाची फवारणी वेगळ्या दिवशी. जमिनीतूनच लोह द्यायचं असेल तर ईडीडीएचए चिलेट (लोह विरघळलेलं धरून ठेवणारं संयुग) घ्या, वयानुसार झाडाला 50 ते 100 ग्रॅम. स्वस्त ईडीटीए लोह 8 सामूला टिकत नाही.

एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही: पिवळेपणा दिसला की लोक पाणी वाढवतात. चुनखडीत पाणी साचलं की बायकार्बोनेट वाढतं आणि लोह आणखी अडतं. वरच्या भागाला पाणी थोडं आणि वारंवार द्या.

निचरा_आधी
खालच्या भागाचं दुखणं खतात नाही, निचऱ्यात आहे. ऑगस्टमधली गळ बऱ्याचदा तंतुमुळं गुदमरल्यामुळे होते. पाठोपाठ फायटोफ्थोरा (मूळ कुजवणारी बुरशी) येतो आणि बुंध्यावर डिंक्या, म्हणजे डिंक गळणं. दोन ओळींनंतर उताराच्या दिशेने एक चर काढा: 30 सेंमी खोल, तळाशी 30 आणि वर 45 सेंमी रुंद. चराचं तोंड बांधाबाहेर उघडं हवं, नाहीतर चर म्हणजे लांबट डबकंच.

बुंध्याला माती लावलेली असेल तर कलमाचा जोड दिसेपर्यंत मागे ओढा. दुहेरी आळं करा, म्हणजे पाणी बाहेरच्या आळ्यातच राहील, बुंध्याला लागू देऊ नका. 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 10 लिटर पाणी, हे बोर्डोमलम पावसाआधी आणि पावसानंतर मीटरभर उंचीपर्यंत लावा.

कळमेश्वरची_बाग
मे महिन्यात खालच्या भागात दोन फूट खड्डा करून पाणी भरलं होतं. तासाभरात जिरलं. तरी निचरा खराब म्हणायचा का?

निचरा_आधी
भाऊ, मे महिन्यात काळ्या मातीला भेगा असतात, पाणी भेगांतून गेलं. तीच माती पावसात फुगते आणि भेगा मिटतात. हीच चाचणी ऑगस्टच्या शेवटी करा. दुसऱ्या दिवशीही पाणी उभं असेल तर उत्तर मिळालं. ताण न बसण्याचं कारणही तेच: खाली ओल धरलेली. हलक्या जमिनीत 30–45 दिवस पुरतात, भारीत 45–60 लागतात. दोन्ही भागांचं पाणी एकाच तारखेला तोडून चालणार नाही, व्हॉल्व्ह वेगळे करा.

वऱ्हाडी_कलम
आधीच्या सल्ल्यात दोन गोष्टी राहिल्या. खालच्या भागात सामू 8.5 च्या वर आणि विनिमयी सोडियम (मातीच्या कणांना चिकटलेला) जास्त निघाला, तर तिथे जिप्समला अर्थ आहे. पूर्णा खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात तेच दुखणं असतं. पण त्यासाठी खालचा नमुना वेगळा हवा, आणि 0–30, 30–60, 60–90 सेंमी असे तिन्ही थर तपासा. वरच्या थरात 5 टक्के चुना आणि खाली 20, असंही निघतं. ढेकळावर पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकून फेस पाहिला, तरी कुठल्या खोलीपासून चुना आहे ते कळतं.

दुसरं, जाड साल फक्त मातीच्या माथी मारू नका. जंबेरी खुंटाचाही त्यात वाटा आहे, आणि जास्त नत्राचाही. पालवी इतकी डेरेदार आहे म्हणजे खालच्या भागात युरिया जास्त होत असावा. पुढे सांधी भरताना (मेलेल्या झाडांच्या जागी नवी लावताना) वरच्या भागात रंगपूर लाइम खुंटावरची कलमं बघा, चुना ती जंबेरीपेक्षा बरी सोसतात. मुळकुज मात्र त्यांनाही होते, म्हणून खाली लावायची असतील तर गादीवाफ्यावरच (उंच वाफ्यावर).