मदत हवी आहे: वेळावदरचे काळवीट धूसर आले. दोष लेन्सचा की हवेचा?

नमस्कार मंडळी,

आम्ही बडोद्याचे, दांडिया बाजारातले. मी आणि नवरा दोघंही फोटो काढतो. त्याला प्राण्यांचा नाद, मला पक्ष्यांचा. या थंडीत दोघं भावनगर जिल्ह्यातल्या वेळावदर काळवीट राष्ट्रीय उद्यानात जाऊन आलो. घरी आल्यावर फोटो मोठ्या पडद्यावर उघडले, आणि तेव्हापासून घरात एकच विषय आहे: लेन्स विकायची की ठेवायची.

ज्यांनी वेळावदर पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते, कारण प्रश्न त्या जागेशी जोडलेला आहे असं मला वाटतं. उद्यान लहान आहे, जेमतेम ३४ चौरस किलोमीटर. पूर्वी भावनगर संस्थानचं राखीव कुरण होतं, १९७६ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं. खंबातच्या आखाताजवळची खारवट, सपाट जमीन, नजर पोचेल तिथपर्यंत पिवळं गवत, आणि मध्येमध्ये गांडा बावळ, म्हणजे वेडी बाभूळ. कान्हा किंवा पेंचमध्ये जंगल आडवं येतं, इथे आडवं यायला काहीच नाही. त्यामुळे काळवीट लांबूनच दिसतो आणि फोटोही लांबूनच घेतला जातो. शंभर, दीडशे मीटर, कधी त्याहून जास्त.

आता अडचण. नवऱ्याकडे २००-५०० मिमीची लेन्स आहे, क्रॉप (लहान) सेन्सरच्या डीएसएलआर कॅमेऱ्यावर. शटर १/१६०० सेकंद किंवा त्याहून जलद, अ‍ॅपर्चर एफ/६.३, हाताचा कंप सावरणारा स्टॅबिलायझर चालू, गाडीचं इंजिन बंद, लेन्स टेकवायला खिडकीत बीन बॅग. एवढं सगळं करूनही नरांचे बहुतेक फोटो मऊ आलेत. शिंगांचे पीळ जिथे कापल्यासारखे स्पष्ट दिसायला हवेत तिथे कडा पाण्यात बुडाल्यासारख्या वाटतात. डोळ्यात चमक आहे, पण पापणी नाही. दोन नर शिंगं अडकवून झुंजत होते, असा प्रसंग पुन्हा कधी मिळेल सांगता येत नाही, आणि त्या अख्ख्या मालिकेत एकही फोटो छापण्याजोगा नाही. नवऱ्याला याचं फार वाईट वाटलंय. मलाही.

माझ्याकडे ७०-३०० मिमीची साधी लेन्स आहे. मी त्याच संध्याकाळी भोवत्यांचे फोटो काढले. थंडीत हे शिकारी पक्षी मध्य आशियाकडून येतात आणि सूर्य मावळताना शेकड्यांनी गवतात रात्रीच्या मुक्कामाला उतरतात. डोक्यावरून गेलेल्या एका मादीचं पीसन् पीस मोजता येईल इतका स्वच्छ फोटो आला. त्यावरून नवरा म्हणतो, बघ, तुझी स्वस्तातली लेन्स चांगली आणि माझी बिघडलेली. एका दुकानदाराने तर फोटो न बघताच जुन्या लेन्सची किंमत सांगितली.

माझा संशय तापलेल्या हवेवर आहे. डांबरी रस्त्यावर उन्हात जसं लाटा हलल्यासारखं दिसतं, तसं त्या मैदानावरही होत असणार. शिवाय नवऱ्याच्या याच लेन्सने डभोईजवळच्या वढवाणा तलावावर पहाटे पट्टकदंब हंसांचे फोटो उत्तम आले होते. पण नवऱ्याचा एक मुद्दा मला खोडता येत नाही: वेळावदरला सूर्योदयानंतर लगेच, थंडीने बोटं आखडत होती तेव्हा काढलेले फोटोही मऊच आहेत. तेव्हा जमीन कुठे तापली होती?

लेन्स आणि हवा यांतला दोष वेगळा कसा ओळखायचा? आणि पुन्हा जायचं तर कोणत्या दिवसांत जावं, की त्याला काळवीट मिळतील आणि मला भोवत्या? उद्यान १६ जून ते १५ ऑक्टोबर बंद असतं, तेवढं माहीत आहे.

प्रतिसाद, भावनगरकर

ताई, लेन्स विकू नका. निदान इतक्यात नको.

आधी मऊ फोटोत काळवीट सोडून बाकी गवत बघा. त्याच्या पुढचं किंवा मागचं गवत कुठेतरी टोकदार आलं असेल तर फोकस चुकतोय, म्हणजे लेन्स आणि कॅमेऱ्याची बॉडी यांची जुळणी तपासायला हवी. पण फोटोत कुठेच काही टोकदार नसेल आणि शटर १/१६०० असेल, तर ते बहुधा हवेचं काम. दुसरी खूण: सलग घेतलेले दहा-बारा फोटो एकामागून एक भराभर बघा. शिंगांचा आकार दर फोटोत किंचित बदलत असेल, एकात सरळ, दुसऱ्यात वाकडा, तर नक्की हवा. लेन्सचा दोष असा नाचत नाही.

जमिनीलगतची हवा गरम आणि वरची थंड असली की प्रकाश वाटेत वाकत राहतो. अंतर वाढलं की ही गडबड वाढते आणि ५०० मिमी ती मोठी करून दाखवते. शटर आणखी जलद केलं किंवा अ‍ॅपर्चर आणखी बंद केलं तरी उपयोग नाही. भोवत्या चांगल्या आल्या कारण त्या जवळ होत्या आणि नजर वर आकाशाकडे होती, गवताला घासून जात नव्हती.

आमच्याकडे निरभ्र दिवस असेल तर थंडीतही नऊनंतर लांबचा फोटो मी घेत नाही. ढग किंवा वारा असेल तर थोडी सवलत मिळते. संध्याकाळी जमीन उशिरा निवते, म्हणून शेवटचा अर्धा तासच कामाचा. मधल्या वेळात कळपामागे गाडी पळवू नका. कळपाची चाल बघून रस्त्यावर पुढे जाऊन थांबा, इंजिन बंद करा, गप्प बसा. कळप रस्ता ओलांडतो, बऱ्याचदा एकेक जण उड्या मारत. तीस मीटरवर हवा आड येत नाही.

दिवसांचं म्हणाल तर फेब्रुवारी. नर आपापली जागा धरून बसायला लागतात, झुंजी दिसतात, आणि भोवत्या अजून गेलेल्या नसतात. मार्चमध्ये काळवीट जास्त रंगात येतात, पण ऊन चढतं आणि भोवत्या परतीला लागतात.

प्रतिसाद, जुना वाचक

पहाटेच्या फोटोंबद्दल एक विचारतो. बोटं आखडत होती म्हणालात, तर गाडीत हीटर चालू होता का? आणि लेन्स रात्री खोलीत होती का?

गाडीतली ऊबदार हवा उघड्या खिडकीतून बाहेर जाते ती नेमकी लेन्सच्या तोंडासमोरून. बाहेरची जमीन कितीही गार असली तरी लाटा तिथेच, हातभर अंतरावर तयार होतात. लेन्स स्वतः ऊबदार असेल तर हूडच्या, म्हणजे तिच्या तोंडावरच्या कड्याच्या, आतली हवाही हलत राहते. वढवाण्याला तुम्ही बाहेर उभं राहून फोटो काढले असणार, म्हणून ते चांगले आले.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. हो, हीटर चालू होता, आणि लेन्स खोलीतून थेट गाडीत आली होती. वढवाण्याला तलावाच्या पाळीवर उभे होतो.

भावनगरकर दादा, तुम्ही सांगितल्यावर झुंजीची मालिका भराभर पुढे सरकवून बघितली. एकाच नराचं एकच शिंग चार फोटोंत चार तऱ्हांनी वाकलंय. गवत कुठेच टोकदार नाही. नवरा बराच वेळ पडद्यासमोर बसला आणि म्हणाला, दुकानदाराला नको म्हणून कळव.

तरी त्याची एक शंका उरली आहे. लांबच्या अंतरावर फोकसची जुळणी जरा हललेली असली, तर ती हवेच्या आड लपून राहील ना? घरी तपासता येईल का?

प्रतिसाद, भावनगरकर

येईल. सूर्य उगवायच्या आधी गच्चीवर कॅमेरा ट्रायपॉडवर लावा, स्टॅबिलायझर बंद. लांबच्या एखाद्या पाटीवरची अक्षरं धरा. काही फोटो व्ह्यूफाइंडरमधून फोकस करून, काही लाइव्ह व्ह्यूमधून, म्हणजे मागच्या पडद्यावर बघून. दर वेळी फोकस मुद्दाम बिघडवून मग नव्याने घ्या. लाइव्ह व्ह्यूचे सातत्याने जास्त स्पष्ट आले तर बॉडीच्या मेनूत फोकसची जुळणी दुरुस्त करायची, फाइन ट्यूनची सोय आहे का बघा, असेल तर तिथे एकेक पायरी बदलून पुन्हा ताडून बघा. दोन्ही सारखेच स्पष्ट आले तर लेन्स निर्दोष. त्या फोटोंचे शंभर टक्के आकाराचे तुकडे इथे टाका, आम्हीही बघू. आणि फेब्रुवारीतलं परवाने-मुक्कामाचं आत्ताच बघा; वन विभागाच्या कालियार भवनात खोल्या थोड्या आहेत.