फुकटची पीडीएफ : तुमचे अनुभव सांगा

मागच्या दिवाळीत एका अंकात माझी कथा आली. चौथ्याच दिवशी अख्ख्या अंकाची पीडीएफ घरच्या ग्रुपवर. टाकणारी माझीच मावशी! खाली लिहिलेलं, "पान ८४ बघा, आपल्या बबडीची कथा. सगळ्यांना पाठवा." स्कॅनमध्ये पान धरणाऱ्याचा अंगठाही आलेला. मानधन अजून यायचं होतं. मावशीला काय बोलणार? हात जोडलेला इमोजी टाकला. खरं सांगायचं तर माझ्याही फोनमध्ये अशा सतरा पीडीएफ होत्या.

तुम्ही ढापलंय की तुमचं ढापलं गेलंय? लिहा. लिंका मात्र देऊ नका.

रानपाखरू : मी लग्नाचे फोटो काढतो. एका मंडपवाल्याने माझा फोटो न विचारता आठ फुटी फ्लेक्सवर लावला, कोपऱ्यातलं नाव कापून. तणतणत वकील मित्राकडे गेलो. तो म्हणे, वेगळा करार नसेल तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक काढून घेणारा, काढणारा नव्हे. म्हणजे हक्क नवरीच्या वडिलांचा! त्यांना फोन केला तर ते खूश. "पोरगी छान दिसते ना हो?" आता ऑर्डर घेतानाच एका ओळीवर सही घेतो.

झेरॉक्सवाली : दिल्ली विद्यापीठात मी झेरॉक्सवरच शिकले. एकेका पुस्तकाची किंमत महिन्याच्या मेसपेक्षा जास्त. २०१२ मध्ये ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस हे प्रकाशक तिथल्या फोटोकॉपीच्या दुकानाविरुद्ध कोर्टात गेले. २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने शिक्षणासाठीच्या त्या प्रती कायद्यात बसतात असं सांगितलं, तोवर मी नोकरीला लागले होते. परवा माझ्याच क्लासच्या नोट्स कुणीतरी वीस रुपयांना विकताना सापडला. माझा तिळपापड, नवरा मात्र अजून हसतोय.

भुईचाफा : टोरंटवरून फुकट फाइली उतरवायचा जमाना. तपशील विचारू नका.

पांढरी काठी : मला दिसत नाही. पुस्तक विकत घेतो, स्कॅन करतो आणि स्क्रीन रीडरकडून ऐकतो. कॉपीराइट कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीत आम्हाला तशी सूट मिळाली. त्याआधीही मी हेच करत होतो, फक्त तेव्हा धास्ती वाटायची. मराठी स्कॅनची गंमत वेगळीच. 'घ' चा 'ध' होतो आणि निम्म्या कथांमध्ये माणसं संध्याकाळी 'धरी' परततात.

धागाकर्ती : काठी, माझ्या कथेची टाइप केलेली फाइल पाठवते. बिनअंगठ्याची.